विश्लेषण : कॉलेजात न गेलेल्या कारखानदाराने विद्यापीठात ‘धंदा’ कसा आणला?

बारावीनंतर बीबीए किंवा बीएमएस आणि पदवीनंतर एमबीए, ही वाट आज तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यांनाही ओळखीची आहे. मात्र दीडशे वर्षांपूर्वी व्यवसाय हा विद्यापीठात शिकण्याचा विषय असू शकतो, असे कुणी म्हटले असते तर व्यापारी आणि प्राध्यापक दोघांनाही ते पटले नसते. धंदा पेढीवर बसून शिकायचा आणि विद्यापीठात ग्रीक, लॅटिन, गणित, तत्त्वज्ञान शिकायचे, असा तेव्हाचा रिवाज होता. अमेरिकेत तो मोडला जोसेफ व्हार्टन या उद्योगपतीने. १८८१ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला एक लाख डॉलर दिले आणि विद्यापीठात सुरू झालेले जगातील पहिले मानले जाणारे बिझनेस स्कूल उभे राहिले. या देणगीसोबत काय शिकवायचे याच्या अटीही होत्या. हे व्हार्टन कोण होते, त्यांना काय शिकवायचे होते आणि त्यांच्या अटींचे पुढे काय झाले?

जोसेफ व्हार्टन कोण होते?

जोसेफ व्हार्टन यांचा जन्म ३ मार्च १८२६ रोजी फिलाडेल्फियात झाला. घराणे सधन आणि जुने, क्वेकर पंथाचे. साधी राहणी, प्रामाणिक व्यवहार, युद्धाला विरोध आणि ऐहिक कामातही नीतीचा आग्रह ही या पंथाची ओळख. आई डेबोरा फिशर व्हार्टन या पंथाच्या सभांमध्ये प्रवचन देत. त्या काळी ख्रिस्ती पंथांमध्ये स्त्रियांना ही मुभा क्वचितच मिळे. भावंडांचा गोतावळा मोठा होता. पैशाची ददात नव्हती, पण बसून खाण्याची सवय लागू द्यायची नाही, ही घरची शिस्त होती.

मग कॉलेजात का गेले नाहीत?

शाळेतील आणि घरच्या शिकवणीतील अभ्यास पाहता कॉलेज सहज शक्य होते. पण सोळाव्या वर्षी त्यांना शेतावर कामाला धाडण्यात आले. तब्येत कणखर व्हावी आणि कष्टाची सवय लागावी, हा त्यामागचा विचार होता. नांगरणी, कापणी, गुरांची देखभाल अशी सगळी कामे त्यांनी केली. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावली की ते फिलाडेल्फियात येऊन प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकत. फ्रेंच आणि जर्मन याही भाषा त्यांनी शिकून घेतल्या.

एकोणिसाव्या वर्षी ते एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारी करू लागले. तेथे दोन वर्षे खतावण्या लिहिणे, आवक-जावक पाहणे, हिशेब जुळवणे हे काम केले. त्यामुळे शेत, प्रयोगशाळा आणि पेढी हेच त्यांचे विद्यापीठ ठरले. धातूची परीक्षा त्यांना स्वतःला करता येई आणि ताळेबंदही वाचता येई. पुढे हाच त्यांचा सर्वात मोठा फायदा ठरला.

धंद्यात सुरुवात कशी झाली?

सुरुवात अडखळत झाली. थोरला भाऊ रॉडमन याच्याबरोबर त्यांनी रंगासाठी लागणारा शिशाचा सफेदा तयार करण्याचा कारखाना काढला. नंतर विटा पाडण्याच्या यंत्रांचा व्यवसाय करून पाहिला. यातून पैशापेक्षा अनुभव जास्त मिळाला.

१८५३ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातीलच बेथलेहेम येथे जस्ताच्या उद्योगात शिरले. १८५४ मध्ये अ‍ॅना लव्हरिंग यांच्याशी विवाह झाला, पण कामामुळे बराच काळ संसार दोन गावांत विभागला गेला. १८५७ मध्ये अमेरिकेत आर्थिक हाहाकार उडाला. बँका कोसळल्या, कारखाने बंद पडले. व्हार्टन यांनी या संकटात कंपनी तगवून धरली. त्यानंतर बेल्जियममधील तंत्र आणि कसबी कामगार आणून त्यांनी धातुरूप जस्ताचे उत्पादन सुरू केले. अमेरिकेत हे काम व्यापारी पातळीवर पहिल्यांदाच यशस्वी झाले. तोवर हा धातू युरोपातून येत असे.

‘निकेल’ नाण्याशी त्यांचा काय संबंध?

१८६३ च्या सुमारास जस्ताचा उद्योग सोडून ते निकेलकडे वळले. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यातील गॅप येथील खाण आणि न्यू जर्सीतील कॅमडेन येथील शुद्धीकरणाचा कारखाना त्यांनी घेतला. निकेलचा मोठा ग्राहक एकच होता, तो म्हणजे सरकारी टांकसाळ. कारण त्या वेळी एक सेंटच्या नाण्यात निकेल असे.

पण १८६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा बदलला आणि एक सेंटचे नाणे कांस्याचे झाले. नव्या उद्योजकाच्या पायाखालची जमीनच सरकली. व्हार्टन हात बांधून बसले नाहीत. ते वॉशिंग्टनमध्ये खेटे घालू लागले, पत्रके लिहू लागले, लोकप्रतिनिधींना भेटू लागले. यादवी युद्धामुळे लोकांनी नाणी दडवून ठेवली होती आणि चिल्लरऐवजी छोट्या रकमेच्या कागदी नोटा फिरत होत्या. त्याला निकेलची नाणी हा टिकाऊ पर्याय आहे, हा त्यांचा मुद्दा होता. १८६५ मध्ये तीन सेंटचे आणि १८६६ मध्ये पाच सेंटचे नाणे आले. दोन्हींत चौथा हिस्सा निकेल आणि बाकी तांबे होते. पाच सेंटच्या नाण्याला अमेरिकेत आजही ‘निकेल’च म्हणतात.

हे नाणे देशाच्या सोयीचे होते आणि व्हार्टन यांच्या खाणीच्याही सोयीचे होते. राष्ट्राचे हित आणि स्वतःचा नफा यांची अशी सांगड त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसते.

आयात शुल्काचा एवढा आग्रह का?

व्हार्टन यांचे उद्योग पाहिले तर उत्तर सापडते. जस्त, निकेल, लोखंड या सर्वच मालात युरोप, विशेषतः ब्रिटन, पुढे होते. तयार कारखाने, स्वस्त मजुरी आणि जुना अनुभव यांच्या बळावर परदेशी माल अमेरिकी बाजारात स्वस्तात उतरे. त्यावर आयात शुल्क नसेल तर देशी उद्योग बाळसे धरण्याआधीच संपेल, असे त्यांचे मत होते. लोखंड-पोलाद उत्पादकांच्या संघटनांमधून त्यांनी ही भूमिका वर्षानुवर्षे मांडली.

विरोधकांचे म्हणणेही तितकेच ठोस होते. शुल्कामुळे माल महागतो, त्याचा भार शेतकरी आणि सामान्य ग्राहक सोसतात आणि फायदा मूठभर कारखानदारांना होतो, असे ते म्हणत. अमेरिकेतील अनेक नामांकित कॉलेजांमधील अर्थशास्त्राचे प्राध्यापक ब्रिटिश ग्रंथांच्या आधारे खुल्या व्यापाराची बाजू शिकवत. व्हार्टन यांना हेच सलत होते. कारखानदारांची मुले कॉलेजात जाऊन वडिलांच्या उद्योगाविरुद्धचे अर्थशास्त्र शिकून येतात, असे त्यांना वाटे.

विद्यापीठात बिझनेस स्कूल काढण्याचे कारण काय?

आयात शुल्क हे एक कारण होते, पण एकमेव नव्हे. धंदा शिकण्याची जुनी रीतच मोडकळीला आली आहे, हे व्हार्टन यांच्या लक्षात आले होते. पूर्वी पेढीवर उमेदवार मालकाशेजारी बसून संपूर्ण व्यवहार पाही. कारखाने, रेल्वे आणि बँका मोठ्या झाल्या तशी कामाची विभागणी झाली. आता कारकुनाला आपल्या टेबलापुरतेच कळे. दुसरीकडे खासगी ‘कमर्शियल कॉलेजां’चे पेव फुटले होते. तेथे जमाखर्च, वळणदार अक्षर आणि व्यापारी पत्रलेखन शिकवले जाई, त्यापलीकडे फारसे काही नाही. पॅरिससारख्या शहरांत व्यापाराच्या स्वतंत्र शाळा १८१९ पासून होत्या, पण त्या विद्यापीठाचा भाग नव्हत्या.

आणखी एक चिंता होती ती श्रीमंतांच्या मुलांची. वारशाने संपत्ती मिळते, पण ती सांभाळण्याची अक्कल वारशाने येत नाही. ना धड धंदा, ना धड सार्वजनिक काम, अशी पिढी तयार होण्याचा धोका त्यांना दिसत होता. वकील आणि डॉक्टरांसाठी विद्यापीठात शिक्षण आहे, मग देशाची मालमत्ता आणि कारभार ज्यांच्या हाती जाणार त्यांच्यासाठी का नसावे, असा त्यांचा प्रश्न होता. मार्च १८८१ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांनी विद्यापीठाच्या विश्वस्तांपुढे योजना ठेवली. विश्वस्तांनी ती स्वीकारली आणि ‘व्हार्टन स्कूल ऑफ फायनान्स अँड इकॉनॉमी’ची स्थापना झाली.

अभ्यासक्रमात काय होते?

आजच्या विद्यार्थ्याला त्यातील बऱ्याच गोष्टी अनपेक्षित वाटतील. मार्केटिंग नव्हते, ब्रँड नव्हता, मनुष्यबळ व्यवस्थापन हा शब्दही नव्हता. चलन आणि बँका कशा चालतात, चलनाची किंमत घसरली की समाजाचे काय होते, कर कसे आणि का आकारले जातात, उद्योग आणि वाहतूक कशी वाढते, व्यापारी कायदा काय सांगतो, हिशेब कसे ठेवावे आणि त्यातील लबाडी कशी पकडावी, असे विषय त्यात होते. संप का होतात आणि ते कसे टाळावेत, हेही शिकवावे असे योजनेत म्हटले होते. ते अर्थातच मालकाच्या खुर्चीतून मांडलेले होते.

यात एक नैतिक धडाही होता. दुसऱ्याच्या खिशातून काढून श्रीमंत होणे अनीतीचे आहेच, शिवाय ते अखेर तोट्याचेही ठरते. संपत्ती मिळवायची ती इतरांच्या काही उपयोगी पडून, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावे, अशी व्हार्टन यांची अपेक्षा होती. पहिल्या बिझनेस स्कूलच्या मूळ आराखड्यात सट्टा आणि कमाई यांतला हा फरक लिहिलेला होता, हे आज फारसे कुणाला ठाऊक नसते.

देणगीच्या अटी काय होत्या?

अट सरळ होती. देशी उद्योगाला संरक्षण देणारे आयात शुल्क आवश्यक आहे, हे विद्यार्थ्यांना ठामपणे शिकवायचे. त्याबाबत प्राध्यापकांनी बचावाचा किंवा कचखाऊ सूर लावलेला चालणार नाही, हेही योजनेत नमूद होते. म्हणजे देणगीदाराने इमारत किंवा शिष्यवृत्ती देऊन थांबायचे ठरवले नव्हते. एका वादग्रस्त आर्थिक प्रश्नाचे उत्तरही त्याने आधीच ठरवून दिले होते. सुरुवातीला ते निभावले, कारण विद्यापीठातील रॉबर्ट एलिस थॉम्प्सन हे प्राध्यापक संरक्षणवादीच होते.

सुरुवातीचे दिवस कसे होते?

सोपे नव्हते. विषय नवे, पाठ्यपुस्तके नाहीत आणि ते शिकवायला तयार झालेले शिक्षकही नाहीत. जुन्या वळणाच्या प्राध्यापकांना हिशेब आणि बँकिंग हे विद्यापीठाच्या पायरीवर चढवणेच रुचत नव्हते. विद्यार्थीही मोजकेच होते. त्यांत जपानहून आलेले शिबा शिरो होते, जे पुढे मायदेशी कादंबरीकार आणि राजकारणी म्हणून गाजले.

संस्थेला आकार दिला तो १८८३ मध्ये आलेल्या एडमंड जेम्स यांनी. जर्मनीतील हाले विद्यापीठात शिकलेल्या जेम्स यांनी अर्थशास्त्राबरोबर राज्यकारभार, इतिहास, संख्याशास्त्र आणि समाजाचा अभ्यास यांना स्थान दिले. शहराचा कारभार, रेल्वेची मालकी, गॅसपुरवठा असे रोजच्या जगण्यातील प्रश्न वर्गात आले. जेम्स यांच्या आग्रहामुळे सायमन पॅटन आले. तेही हालेतच शिकलेले आणि संरक्षणवादी, पण स्वतःच्या पद्धतीने विचार करणारे होते.

व्हार्टन यांचे स्वतःचे वागणे त्यांच्या धड्यांशी जुळत होते का?

काही ठिकाणी जुळत होते, काही ठिकाणी नाही. बेथलेहेम आयर्न कंपनीत त्यांचा मोठा हिस्सा होता. १८८० च्या दशकात या कंपनीने अमेरिकी नौदलासाठी तोफांचे सुटे भाग आणि युद्धनौकांचे चिलखती पत्रे बनवायला सुरुवात केली. युरोपातून ते तंत्र मिळवण्यात व्हार्टन यांचा पुढाकार होता. युद्धाला विरोध करणाऱ्या पंथातील माणसाच्या संपत्तीत अशा प्रकारे युद्धसामग्रीचा वाटा आला.

याच कंपनीत १८९८ ते १९०१ या काळात फ्रेडरिक टेलर यांनी काम केले. कामगाराच्या प्रत्येक हालचालीचे घड्याळ लावून मोजमाप करणारे ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ त्यांच्याच नावाने ओळखले जाते. कच्चे लोखंड उचलणाऱ्या मजुरांवरील त्यांचे प्रसिद्ध प्रयोग येथीलच. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात टेलर भेटतात. ते ज्या कारखान्यात घडले, तेथे पहिल्या बिझनेस स्कूलच्या संस्थापकाचा पैसा होता, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दुसरी विसंगती शिक्षणातील. मुलामुलींना एकत्र शिकवणाऱ्या स्वार्थमोर कॉलेजच्या स्थापनेत व्हार्टन आणि त्यांच्या आईचा सहभाग होता. व्हार्टन तेथील संचालक मंडळाचे अनेक वर्षे अध्यक्ष होते. त्यांना स्वतःला तिन्ही मुलीच होत्या. तरीही बिझनेस स्कूलची योजना त्यांनी लिहिली ती तरुण मुलांसाठी.

लाखभर एकर जमीन कशासाठी घेतली?

फिलाडेल्फियाचे पाणी तेव्हा कमालीचे दूषित होते आणि विषमज्वराच्या साथी नेहमीच्या झाल्या होत्या. नदीपलीकडे, न्यू जर्सीच्या वालुकामय पाइन वनाखाली स्वच्छ पाण्याचा प्रचंड साठा आहे, हे व्हार्टन यांनी हेरले. १८७० च्या दशकापासून ते तेथे जमीन घेत गेले. हा पसारा लाखभर एकरांच्या घरात गेला. तेथून शहराला पाणी विकायचे, अशी योजना होती. पण आपले पाणी शेजारच्या राज्यात नेण्यास न्यू जर्सीने कायद्याने मज्जाव केला आणि योजना बारगळली.

त्याचा परिणाम मात्र उलटा आणि चांगला झाला. सलग राहिलेली ही जमीन १९५० च्या दशकात न्यू जर्सी राज्याने विकत घेतली. आज ते ‘व्हार्टन स्टेट फॉरेस्ट’ आहे. फसलेल्या धंद्यातून एक जंगल वाचले.

अटींचे पुढे काय झाले?

११ जानेवारी १९०९ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, व्हार्टन यांचे निधन झाले. त्याआधीच त्यांची कल्पना इतरांनी उचलली होती. शिकागो आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांत १८९८ मध्ये, डार्टमथमध्ये १९०० मध्ये आणि हार्वर्डमध्ये १९०८ मध्ये व्यवसाय शिक्षण सुरू झाले. हार्वर्डने एमबीए ही पदवी रूढ केली. व्हार्टन स्कूलमध्ये ती १९२१ मध्ये आली.

अभ्यासक्रम पसरला, पण आयात शुल्काची अट काही पसरली नाही. प्राध्यापक एकदा प्रश्न विचारायला शिकवू लागले की ते देणगीदाराच्या उत्तरापाशी थांबत नाहीत. याच स्कूलच्या पुढाकाराने १८९६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय अभ्यासकाला फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास करण्यासाठी बोलावण्यात आले. घरोघर फिरून केलेला हा अभ्यास १८९९ मध्ये ग्रंथरूपाने आला आणि समाजशास्त्रातील मैलाचा दगड ठरला. मात्र डू बॉइस यांना विद्यापीठाने कायमचे प्राध्यापकपद दिले नाही.

व्हार्टन यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी, १९१५ मध्ये, बालमजुरीविरुद्ध जाहीरपणे बोलणारे तेथील अर्थशास्त्राचे अध्यापक स्कॉट निअरिंग यांना विद्यापीठाच्या विश्वस्तांनी काढून टाकले. देशभर त्यावर वादळ उठले आणि प्राध्यापकांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न ऐरणीवर आला. पैसा देणाऱ्याने शिकवण्यावर किती हुकूम चालवायचा, हा १८८१ च्या योजनेत दडलेला प्रश्न होता. तो तेव्हाही मिटला नाही.

आपल्याकडे हे शिक्षण कसे आले?

मुंबईत १९१३ मध्ये सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय अशी त्याची ओळख आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ ते १९२० या काळात तेथे अर्थशास्त्र शिकवले. अहमदाबाद आणि कोलकाता येथील आयआयएम १९६१ मध्ये स्थापन झाल्या. मुंबई विद्यापीठात १९६५ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट उभी राहिली. उद्योगाला लागणारी माणसे विद्यापीठाने घडवावीत, ही व्हार्टन यांची कल्पना तोवर जगभर रुजली होती.

आजच्या विद्यार्थ्यासाठी यात काय आहे?

बीबीए-एमबीएला प्रवेश घेताना शुल्क किती आणि पॅकेज किती, हे दोन प्रश्न सगळेच विचारतात आणि कर्ज काढून शिकणाऱ्याने ते विचारायलाच हवेत. व्हार्टन यांचे आयुष्य त्यात आणखी दोन प्रश्नांची भर घालते. पहिला प्रश्न म्हणजे हा अभ्यासक्रम एका टेबलापुरते काम शिकवतो, की पैसा, कर, कायदा आणि समाज यांचा एकमेकांशी असलेला संबंधही समजावतो? कारण टेबले बदलतात, काही तर नाहीशी होतात. दुसरा प्रश्न म्हणजे शिकवले जाणारे उत्तर कुणाच्या सोयीचे आहे, हे विचारण्याची वर्गात मुभा आहे का? व्हार्टन यांना स्वतःच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न नको होता. पण त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेतच तो विचारला गेला. आयात शुल्कावरील त्यांची अट आता इतिहासजमा झाली आहे. दुसऱ्याचे ओरबाडून नव्हे तर त्याच्या उपयोगी पडून कमवावे, हा त्यांच्या योजनेतला धडा मात्र अजून कोणत्याही वर्गात जुना झालेला नाही.